टोमॅटो नाही, प्युरी आहे

आत्ताच ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका हॉलमधून मुंज जेवून आलेय. अजून साडीसुद्धा बदललेली नाही, सोफ्यावर बसून टाईप करतेय, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नका. मुंज छान झाली. बटू गोड होता, भिक्षावळीत लाडवांपेक्षा चॉकलेटं जास्त पडली. माझं म्हणणं जेवणाबद्दल आहे. माझ्या सुनेला टोमॅटोची ॲलर्जी आहे.

पनीरच्या भाजीपाशी उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, "दादा, यात टोमॅटो आहे का?" म्हणाला, "नाही मॅडम." भाजीचा रंग बघून मी परत विचारलं, "नक्की?" तर म्हणतो, "टोमॅटो नाही मॅडम, प्युरी आहे."

मी आधी हसलेच. मग शेजारी सुनेच्या ताटाकडे बघितलं. पुरी, जिलबी आणि मठ्ठा. वरणाच्या फोडणीत टोमॅटो, मसालेभातात टोमॅटो, कोशिंबिरीत तर असतोच. आणि अळूच्या भाजीतसुद्धा! अहो, अळूच्या भाजीत? चिंच-गुळाची, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ आणि मुळा घातलेली भाजी ती, तिच्यात टोमॅटो घालायची बुद्धी कुणाला होते? ॲलर्जीचं सोडा, याच्यावर वेगळी पोस्ट लिहायला हवी.

तेवढ्यात आमच्या एक आत्याबाई (नाव लिहीत नाही, त्या फेसबुकवर आहेत) आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "एवढ्याशाने काय होतंय गं? टोमॅटोची कसली आलीये ॲलर्जी! घे थोडं, देवाचं नाव घेऊन." आणि माझ्याकडे वळून, "तूच लाडावून ठेवलीयेस."

मी गप्प बसले. मुंज दुसऱ्याची, पाहुणे दुसऱ्याचे. पण घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास बसल्यावर गप्प बसवेना.

एवढ्याशाने काय होतं ते मी बघितलंय. चार वर्षांपूर्वी. मुलाच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. गुरुवार होता. आमटीत टोमॅटो गेला. अर्धाच, तोही मिक्सरमधून फिरवलेला. दुसरा घास घेता घेता ती ओठ चोळायला लागली. पाच मिनिटांत मानेवर, हातांवर गांधी उठल्या. ओठ सुजले. मग आवाज बदलला, घोगरा झाला, आणि मग ती बोलेचना, नुसती गळ्याला हात लावून बघत राहिली. चरईतून रिक्षा निघाली ती हरिनिवासला अडकली. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखांचे वण दोन दिवस राहिले. हॉस्पिटलमध्ये पोचल्या पोचल्या मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं.

वरती मी "टोमॅटो गेला" असं लिहिलंय. आत्ता वाचताना माझं मलाच दिसलं. कसा गेला ते सांगते पुढे, धीर झाला तर.

आधी मला हे सांगा, टोमॅटो आपल्याकडे कधीपासून एवढा मानाचा झाला? दक्षिण अमेरिकेतलं हे फळ. हो, मिरची आणि बटाटाही तिकडचेच, माहितीये मला, लगेच कमेंट करायला धावू नका. पण माझी आजी टोमॅटोला बेलवांगं म्हणायची आणि नैवेद्याच्या पानात येऊ द्यायची नाही. विदर्भातल्या मैत्रिणी भेदरं म्हणतात. श्राद्धाच्या स्वयंपाकात तो कित्येक घरी आजही चालत नाही. त्या दिवशी कोणाचं अडतं का? कढी होते, आमसुलाची चटणी होते, वडे होतात, आणि सगळे दोनदा मागून घेतात.

दुसरं, २०२३चा जुलै आठवा. टोमॅटो किलोला दीडशेच्या वर गेला होता. जांभळी नाक्याला भाजीवाल्या बायका मागे झाकून ठेवायच्या आणि विचारलं तरच दाखवायच्या. तेव्हा याच आत्याबाईंनी ग्रुपवर "टोमॅटोविना दहा भाज्या" असा व्हिडिओ पाठवला होता. माझ्याकडे आहे अजून. म्हणजे भावासाठी टोमॅटो सोडता येतो आणि भावाच्या नातसुनेचा जीव जात असेल तर येत नाही? (दोन्ही भाव वेगळे, कळलं ना.)

बरं, आता मान्य करायचं ते करते. चारशे पानांचं जेवण रांधणाऱ्या केटररला एकेकाची पथ्यं सांभाळणं सोपं नाही. आणि खरंच काही लोक आवडत नाही म्हणून ॲलर्जी सांगतात. आमच्याच बिल्डिंगमध्ये एकांना कारल्याची ॲलर्जी आहे. पण आम्ही पंचपक्वान्नं नव्हती मागितली हो. यजमानांना आठ दिवस आधी फोन करून सांगितलं होतं, एक वाटी साधं वरण बाजूला काढा. एक वाटी!

घरात काय कठीण जातं? काही नाही. सवय व्हायला लागतो महिनाभर. टोमॅटो देतो काय, तर आंबटपणा, रंग, दाटपणा आणि जराशी गोडी. एकाच वस्तूने चारही मिळतात म्हणून आपण आळशी झालोय. आमटीला आमसूल आणि गूळ. आमसूल डाळ शिजल्यावर घाला, आधी घातलंत तर डाळ कडकच राहील. मटकीच्या उसळीला चिंचेचा कोळ. माशाच्या कालवणाला आमसूल नाहीतर कैरी, तिथे टोमॅटोचा संबंध मुळातच नाही, आमच्या शेजारच्या आगरी वहिनी तर माझ्या प्रश्नालाच हसल्या. पंजाबी भाजीचा रस्सा हवा असेल तर कांदा चांगला लाल परतायचा, भिजवलेले काजू वाटायचे, काश्मिरी मिरची, आणि गॅस मंद करून फेटलेलं दही. दह्याला चमचाभर बेसन लावलं की फुटत नाही.

पावभाजीने मात्र रडवलं. पहिल्यांदा नुसतं लिंबू पिळलं तर बटाट्याची पिवळी भाजी झाली. मुलगा म्हणाला, "आई, उपास आहे का?" मग लाल भोपळा उकडून घातला, रंगाला बीटाचा एक तुकडा (एकच, दोन घातले तर भाजी जांभळी), आणि चिंचेचा कोळ अगदी थोडा. परवा नवऱ्याच्या ऑफिसातले पाच जण जेवून गेले, कोणाला कळलं नाही. कळू देणारही नव्हते मी.

त्रास आहे तो बाहेरच्या गोष्टींचा. पाकिटावर शेंगदाणे, दूध, गहू, अंडी, सोयाबीन हे ॲलर्जीचे पदार्थ म्हणून वेगळे लिहावे लागतात, एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) नियमच आहे. टोमॅटो त्या यादीत नाही. म्हणजे मसाला चिप्सच्या पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत कुठेतरी "टोमॅटो पावडर" लपलेली असते ती आपण शोधायची. डी-मार्टात चष्मा वर-खाली करत उभी असलेली बाई दिसली तर ती मी. मिसळीची तर्री, शेजवान चटणी, सांबार, रसम, बिर्याणी, विचारल्याशिवाय काही नाही. आणि विचारलं की वेटरचा चेहरा बघा.

"मग बटाटा, वांगं कसं चालतं तिला? एकाच कुळातली ना ती?" हा प्रश्न विचारणारे हुशार लोक प्रत्येक लग्नात दोन तरी भेटतात. हो, एकाच कुळातली. तिला चालतात. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. एका घरातल्या सगळ्या माणसांशी आपलं जमतं का?

असो. राग बराच उतरला. चहा घेऊन आले मधे.

तो अर्धा टोमॅटो मी घातला होता. मुद्दाम.

मला वाटलं होतं नखरे आहेत. माहेरी एकुलती एक, लाडाची, भाजीतनं टोमॅटो वेचून ताटाच्या कडेला ठेवायची सवय असेल. मी ठरवलं, मिक्सरमधून काढून घालायचा, तिने खाल्ला आणि काही झालं नाही की संध्याकाळी हसत हसत सांगायचं, "बघ, झालं का काही?" आत्याबाईंच्या तोंडचं वाक्य तेव्हा माझ्या डोक्यात होतं, शब्दन् शब्द. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, जेवणात काय होतं? मी म्हणाले, "आमटी. नेहमीचीच." त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि परत विचारलं. तेव्हा सांगितलं. मुलगा शेजारी उभा होता. तो पुढे दोन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलला.

सून दुसऱ्या दिवशी घरी आली. तिने पाण्याची बाटली काढायला फ्रीज उघडला. वाटीत झाकून ठेवलेला उरलेला अर्धा टोमॅटो समोरच होता. मी विसरूनच गेले होते. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, हा तेवढा तुम्ही टाकाल का? मला हाताला पण खाज येते."

मी टाकला. त्यानंतर घरात आणला नाही.

हे लिहू का म्हणून तिला आत्ता विचारलं. म्हणाली, "लिहा, पण फोटो टाकू नका, आणि आत्याबाईंना फार बोलू नका." तर बोलत नाही. आत्याबाई, तुम्ही वाचताय हे माहितीये मला. गणपतीत पाचही दिवस आमच्याकडे जेवायला या. ऋषिपंचमीची भाजी असेल, तुमच्या आवडीची अळूची असेल, चिंच घातलेली.

आता उठते. पोरीने दोन जिलब्यांवर दिवस काढलाय, मुगाची खिचडी टाकते कुकरला. सोलकढी सकाळचीच आहे.