पगाराची फाइल उघडत नाही? थेट अ‍ॅडमिन व्हा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या तुमच्या फौंड्रीत पगाराची फाइल अकाउंट्सच्या सर्व्हरवर आहे आणि तुमच्या प्रोग्रामला ती वाचू देत नाही? सरळ वाट धरू नका. ती अशी: प्रोग्रामसाठी वेगळा युजर आणि त्याला त्या एकाच फाइलवर वाचण्यापुरती परवानगी, एवढंच मागायचं. पण त्यासाठी अर्ज कन्नडात, सही इंग्रजीत आणि वाट बघताना शिव्या मराठीत. कोण करणार?

त्यापेक्षा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड पटकावा. विचारायचीही गरज नाही: कारखान्याचं नाव आणि पुढे केए२२, आपल्या गाड्यांवरचा नंबर. निपाणीची शाखा असेल तर केए२३. तो कोडमध्येच लिहा आणि कोडचा प्रत्येक बदल जपणाऱ्या गिटवर चढवा. पुढे लाज वाटून ओळ खोडलीत तरी इतिहासात तो जसाच्या तसा राहतो, म्हणजे विसरायची भीती नाही. विंडोजवर दुसऱ्याच्या नावाने प्रोग्राम चालवणाऱ्या ‘रनअ‍ॅज’ला पासवर्ड जपून ठेवणारा ‘सेव्हक्रेड’ जोडा. एकदा पासवर्ड दिला की तुमच्या लॉगिनवर बसलेला कुणीही अ‍ॅडमिनच्या नावाने वाटेल तो प्रोग्राम चालवील. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

काही शहाणे सांगतील, ‘लॉगऑनयूजर’ने त्या वेगळ्या युजरचं टोकन, म्हणजे ओळखपत्र, घ्या, फाइल उघडण्यापुरतं त्याचं सोंग घ्या आणि मध्ये एरर आली तरी ‘रिव्हर्टटूसेल्फ’ने परत या. परत कशाला यायचं? सोंग तसंच राहिलं तर प्रोग्रामच्या त्या धाग्यावरचं (थ्रेडवरचं) पुढचं कामही त्याच्याच नावावर. आपण नामानिराळे.

लिनक्सवाल्यांनी सीएचमॉड ७७७ मारावं. फाइल सगळ्यांना वाचता येतेच, वर लिहिताही येते. पगारवाढीसाठी युनियनकडे जायला नको. सेटयूआयडी बिटच्या भानगडीत पडू नका; तो लावला की प्रोग्राम कुणीही चालवला तरी फाइलच्या मालकाच्या हक्काने चालतो. युनिक्सच्या जनकांपैकी एक डेनिस रिची यांना १९७९ साली त्याचं पेटंट मिळालं, साधा युजर स्वतःचा पासवर्ड बदलतो तो त्याच्याच जोरावर. पण शेल स्क्रिप्टवर लावलात तर लिनक्स ढुंकूनही बघत नाही. (तरीही लावून ‘चालत नाही’ म्हणत हिंडणारे असतातच. त्यांना आपल्यात घ्या.)

मार्चअखेर ऑडिटर येईल. विचारील, रात्री दोनला पगाराची फाइल कुणी उघडली? लॉग पुढे करा: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. कुणी बदलली? अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. कुणी पुसली? तोच. आता त्या नावाने आत जाणारे निम्मे ऑफिस आहे, हे सांगायची घाई नको. आधी पावशेर कुंदा मागवा.