'कधी इंजिनात चढलात का?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊसाहेब,

रेल्वेच्या डिझेल इंजिनावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन हरकती घेतल्यात. बॅटरी 72 नव्हे, 64 व्होल्टची. जुनं इंजिन 'सेल्फ मारून' चालू होतं, हे चूक. आणि ते फलाटावर तासन्‌तास धगधगत ठेवतात ते बॅटरी वाचवायला नव्हे, तर ब्रेकच्या हवेसाठी. इथवर ठीक होतं. पण खाली शेपूट जोडलंत : 'घरात बसून वाचीव ज्ञान पाजळू नका, कधी इंजिनात चढलात का?'

चढलोय. बारा वर्षांचा होतो. मामा डिझेलचा फिटर. चाळीसगावला धुळे पॅसेंजरचं इंजिन बंद पडलं, तेव्हा मलाही वर घेऊन गेला. (नियमात बसत नव्हतं, ठाऊक आहे. त्यावर वेगळी प्रतिक्रिया नको.) आधी इंधनाच्या पंपाची बारीक घरघर. मग त्यानं स्टार्टचं बटण दाबलं, ते दाबूनच धरलं. पायाखालचा पत्रा थरथरला, वर काळा धूर उठला, इंजिन लागलं. तरी अंगठा बटणावरच. म्हटलं, "सोड ना आता." तर म्हणे, "तेलनं प्रेशर येऊ दे भाचा, आते सोडं ते बंद पडी जाई." हे कुठल्या पुस्तकात वाचलं, सांगा बरं!

राहिला 'सेल्फ'. डब्ल्यूडीएम-2 ला, म्हणजे त्या जुन्या डिझेल इंजिनाला, ट्रकसारखी वेगळी स्टार्टर मोटर नसते, मान्य. बॅटरीचा करंट मेन जनरेटरलाच देतात, तो घटकाभर मोटर होऊन इंजिनाला गरका देतो. इंजिन लागलं की तोच जनरेटर चाकांवरच्या सहा मोटरींना वीज पुरवतो. पण बॅटरीनं गरका देणं म्हणजे सेल्फ मारणंच की! आमच्याकडे ट्रॅक्टरवालाही तेच म्हणतो. आणि नव्या डब्ल्यूडीजी-4 ला तर चक्क दोन स्टार्टर मोटरी असतात, तिथे काय म्हणणार आहात? शब्दाला धरून बसायचं तर बसा बापडे.

व्होल्टेजचं तुमचं बरोबर. आठ-आठ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, म्हणजे 64. 72 हा चार्जिंगचा आकडा, माझ्याकडून गफलत झाली. कॉम्प्रेसर इंजिनावरच फिरतो, ते बंद ठेवलं की ब्रेकची हवा हळूहळू उतरते, वगैरे तुम्ही लिहिलंय, त्यावर सवडीनं बोलू.

मामा आता नाही, नाहीतर तुमची गाठ घालून दिली असती. तुम्ही टोपणनावानं लिहिता, तेव्हा तुम्ही कुठल्या शेडमध्ये किती वर्षं काढलीत ते मी विचारत नाही.

लेखात 72 चे 64 केलेत. 'सेल्फ' तसाच राहील.