हुतात्मा चौक : कारंजे आणि स्मारक

मुंबईतल्या हुतात्मा चौकावरच्या एका लेखात फ्लोरा फाउंटन हे कारंजे फोर्ट भागातल्या या चौकासाठीच घडवले गेले असे म्हटले आहे, ते दुरुस्त करायला हवे. पोर्टलंड दगडातले हे कारंजे मुळात भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आजच्या राणीच्या बागेसाठी, योजले होते. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव त्याला देण्याचाही विचार होता. प्रत्यक्षात 1864 मध्ये ते किल्ल्याचा चर्चगेट हा दरवाजा जिथे होता त्या जागी उभे राहिले, आणि फ्रियरसाहेबांऐवजी फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेचे नाव त्याला चिकटले. चर्चगेट हे नाव मात्र पुढे पश्चिमेच्या रेल्वे स्थानकाकडे गेले, त्यामुळे नव्या माणसाचा गोंधळ होतो तो स्वाभाविक आहे.

लेखाचा उत्तरार्ध मला अधिक घाईचा वाटला. 21 नोव्हेंबर 1955 रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी याच परिसरात जमलेल्या मोर्चावर गोळीबार झाला, आणि पुढील आंदोलनात बळी पडलेल्यांची 105 ही संख्या मराठी माणसाच्या तोंडी कायमची बसली. या घटनाक्रमाला लेखात एकच वाक्य मिळावे, हे खटकते. चौकाचे नाव ज्यांच्यामुळे बदलले त्यांचे स्मारक, मशाल उंचावणारे शेतकरी आणि कामगार, कारंज्याच्या अगदी शेजारी आहे. तरीही छायाचित्रे काढणारे बहुतेक जण फ्लोराकडेच कॅमेरा वळवतात, आणि लेखासोबतची तिन्ही छायाचित्रेही तिचीच आहेत.