गाभण शेळी आणि माझा दंड

आज सांगलीत एका शेळीला माझ्यापासून लांब नेऊन बांधण्यात आलं. अजून कान गरम आहेत.

झालं एवढंच की दंडावर गजकर्ण उठलं. आधी रुपयाएवढं होतं. शेजारच्या काकूंनी "आमच्याकडं सगळ्यांना हीच लागते" म्हणून दिलेली ट्यूब लावल्यावर बशीएवढं झालं. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्यानं लाली उतरते, खाज थांबते आणि बुरशी खुशाल हातपाय पसरते. हे मला त्वचेच्या डॉक्टरांनी ऐकवलं, आणि लगेच विचारलं, "घरात मांजर आहे? मग तिला दाखवून घ्या." काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "हळदीच्या गावात राहून ट्यूब कशाला लावायची?"

भाजीच्या दोन टोपल्या एकीवर एक पालथ्या घालून सुतळीनं बांधल्या, आत ठमीला कोंबलं आणि विश्रामबागेतल्या जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. बाकावर शेजारी तासगावकडचे एक आजोबा. पायाशी शेळी.

"पावनं, मांजराला काय झालंय?"

"तिला काही नाही. मला झालंय."

समोरच्या भिंतीवर गाईच्या पोटाचे चार कप्पे दाखवणारा तक्ता होता. आजोबांनी आधी तक्ता नीट बघितला, मग मला.

"मग हितं कशाला आलाय?"

"गजकर्ण आहे. तिच्यामुळं झालं असं म्हणतात."

"दावा बगू."

मीही मूर्खासारखी बाही वर केली. आजोबा उठले, शेळी सोडली आणि बाहेर लिंबाच्या झाडाला नेऊन बांधली. परत आले ते दारातच उभे राहिले. "रागाला जाऊ नगासा. गाभण हाय ती." मग आतल्या सगळ्यांना सोय व्हावी म्हणून जरा मोठ्यानं, "ह्या पावन्यास्नी गजकरन हाय!"

पॉमेरेनियनवाल्या बाईंनी कुत्रं मांडीवर उचललं. कोंबडा घेऊन आलेला एक पोरगा कोंबड्यासकट सरकला.

"आजोबा, गजकर्णानं शेळी गाभडत नाही."

"तुमी डाक्टर हायसा?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडं अजून उत्तर नाही.

गंमत म्हणजे मांजरांत जी बुरशी सर्वांत जास्त सापडते तिचं नाव मायक्रोस्पोरम कॅनिस. कॅनिस म्हणजे कुत्र्याची. नाव कुत्र्याचं, बदनामी मांजराची आणि बाकावर एकटा बसलेला मी.

आत डॉक्टरांनी दिवे मालवून ठमीवर जांभळा दिवा धरला. ही बुरशी असली तर केस हिरवे चमकतात म्हणे. काहीच चमकलं नाही. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर ते म्हणाले, "याला अर्थ नाही. निम्म्या वेळा चमकतच नाही." नव्या टूथब्रशनं तिचे केस विंचरून ब्रश तपासणीला ठेवला. निकालाला दोन-तीन आठवडे. मग माझ्याकडं वळून, "आधी कुणाला झालं, तुम्हाला की हिला? हल्ली आपल्याकडं गजकर्ण बहुतेक माणसाकडूनच माणसाला होतं. तुमच्याकडून हिलाही जाऊ शकतं."

म्हणजे माणसांचे डॉक्टर म्हणणार मांजर, मांजरांचे डॉक्टर म्हणणार माणूस. फी दोघांनी पूर्ण घेतली. घरात टॉवेल किती जणांत एक आहे, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. (तीन जणांत एक आहे. होता.)

निदान हसतील म्हणून शेळीची गोष्ट सांगितली. हसले नाहीत. "बरं केलं त्यांनी. गजकर्ण शेळीलाही होतं. आणि मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू चाऱ्यात गेला तर शेळ्या गाभडतात."

"पण ते दंडातून जात नाही ना?"

"नाही. शी पडल्यावर ते जंतू लागण करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणून पेटी रोजच्या रोज साफ करायची. करता ना?"

"रोज," मी म्हणालो. टोपलीतून ठमीनं माझ्याकडं बघितलं.

बाहेर आजोबा शेळीपाशी बसले होते.

"काय म्हनलं डाक्टर?"

"काही नाही म्हणाले."

त्यांनी दोरी अजून हातभर आखडली.