आजवा किती झाला?

पावसाळ्यात आमच्या बडोद्यात कोणीही भेटलं की पहिला प्रश्न हाच. आजवा, म्हणजे शहराजवळचा तलाव ज्याचं जास्तीचं पाणी नदीत येतं, तो किती भरला, आणि काळ्या घोड्याच्या चौकाजवळ आमची विश्वामित्री नदी किती. नदीची २६ फूट म्हणजे धोक्याची पातळी हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती ३५ फुटांच्या वर गेली, घराघरात पाणी, लाईट नाही आणि सोसायट्यांमधे मगरी. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस पडलेला. म्हणजे लोक उगीच घाबरत नाहीत हो.

म्हणून "अगं काही होत नाही, पॉझिटिव्ह विचार कर" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. होतं ना! झालंय की!

माझ्या सासूबाई पावसाचा आवाज वाढला की रात्री उठून खिडकीशी उभ्या राहायच्या. घरातले सगळे म्हणायचे आई झोपा, नाही येणार पाणी. त्यांना ते पटायचं नाही आणि का पटावं, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. एका रात्री मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, आई, येऊ शकतं पाणी. आलं तर काय काय करायचं ते आत्ताच ठरवून टाकू. मग कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर, त्यांच्या गोळ्या आठवडाभराच्या एकत्र, मेन स्विच कोण बंद करणार, वरच्या मजल्यावरच्या बेनकडे कधी जायचं, सगळं बोललो. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "आणि देवांचे टाक गं?" म्हटलं टाक मी घेईन, माझ्या पर्समधे. त्या रात्री झोपल्या त्या, पाऊस चालूच होता.

१९८७ मधे डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता, लोकांना सांगितलं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि ते अस्वल काही त्यांच्या डोक्यातून जाईना. भीतीचं तसंच होतं असं मला वाटतं, नको नको म्हणून ढकलत राहिलं की ती रात्रभर दारात उभी. ये बाई, बस म्हटलं की निदान तिला नेमकं काय हवंय ते कळतं, आमच्याकडे तिला टाकांची काळजी होती.

पण स्वीकार म्हणजे हातावर हात धरून बसणं नाही. शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून सयाजीराव महाराजांनी आजवा बांधला, आणि आज त्याच आजव्याची लेव्हल वाढली की आपल्या पोटात गोळा येतो, कारण नदीची कोतरं, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या घळी, बुजवून तिथे बांधकामं झालीत. पाऊस किती पडेल हे मी देवावर सोडलंय, ही कोतरं नाही सोडलेली. वॉर्डाच्या पुढच्या मीटिंगला जाऊन विचारणार आहे, आपल्या भागातून कोण कोण येताय ते इनबॉक्समधे सांगा, एकत्रच जाऊ.