चॅनल गेटची चावी कुणाकडे?

परवा रात्री कट्ट्यावर समोरचं होस्टेल भूकंपात तरेल का यावरून जे वाजलं ते लिहून काढतोय, कारण नंदू आणि सर अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत आणि दोघांनाही वाटतंय की आपलंच बरोबर होतं. कट्टा म्हणजे काय तर गल्लीच्या तोंडाशी गटारीवर टाकलेली फरशी, समोर चहाची टपरी, आणि एरिया लातूरच्या क्लासेसचा, म्हणजे रात्री १० वाजले तरी पाठीला सॅक लावलेली पोरं चाललेलीच असतात.

विषय निघाला साधा. नंदू आरसीसीची, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटची कामं घेतो. तो म्हणाला समोरच्या होस्टेलवाल्यानं खालच्या पार्किंगमधल्या दोन भिंती काढून तिथं मेस टाकलीय, आणि आता वर अभ्यासिकेसाठी अजून एक मजला चढवायचाय, त्याचं कोटेशन मागितलंय. सर (क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात, म्हणून कट्ट्यावर पण सरच) चहा खाली ठेवून म्हणाले, "भिंती काढल्या? तुला विचारून?"

"मला कशाला विचारतील? आणि भिंतच काढली की, कॉलमला हात लावला नाही. वजन कॉलम घेतो, भिंत म्हणजे नुसता पडदा."

झालं, इथून पेटलं.

सर काय म्हणाले ते आमच्यातल्या निम्म्यांना कळलं नाही, मग त्यांनी टपरीवरून टोस्ट मागवले. चार टोस्ट फरशीवर उभे केले, त्याच्यावर बिस्किटाचा न फोडलेला पुडा आडवा ठेवला आणि इम्रानला म्हणाले, फरशीवर बुक्की मार. इम्रानचा हात म्हणजे स्टीलच्या दुकानात सळ्या उचलून तयार झालेला, त्यानं मारली, टोस्ट चारही दिशांना, पुडा खाली. सरांनी पुडा उचलून दाखवला, "बघा, आत एक बिस्किट तुटलं नसंल. वरचे मजले विटांच्या भिंतींनी गच्च बांधलेले असतात, ते भूकंपात एकसंध पुड्यासारखे हलतात. खाली भिंतीच नाहीत, मग सगळी हालचाल त्या चार टोस्टांनी सोसायची. आणि तू वर अजून एक पुडा ठेवायचं कोटेशन देणार."

नंदू म्हणाला, "सर, किल्लारीला दगडमातीची घरं पडली. हे आरसीसी हाय."

यावर लातुरात बहुतेक लोक मान डोलावतील, मी पण डोलावली असती. आमच्या डोक्यात भूकंप म्हणजे किल्लारीचा, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले, दोन-दोन हात रुंद दगडाच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं जड छत. सरकारी आकडा आठ हजाराच्या आसपास, लोक दहा हजार म्हणतात. लातूर शहर त्यामानाने वाचलं, म्हणून आपण सिमेंटवाले सुरक्षित असं जे मनात बसलंय ते ३० वर्षं झाली तरी निघत नाही. त्या आधी हा सगळा भाग भूकंपाच्या नकाशावर झोन १ मध्ये होता, म्हणजे धोका सगळ्यात कमी. किल्लारीनंतर झोन ३ झाला.

सरांनी अहमदाबाद काढलं. २६ जानेवारी २००१, भूकंपाचं केंद्र कच्छात भुजच्या बाजूला, अहमदाबाद तिथून सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, तरी शहरात सातशेच्या वर माणसं गेली. "आणि ती कुठं गेली? वाड्यात नाही. खाली पार्किंग आणि वर चार मजले, नाहीतर दहा मजले, असल्या आरसीसीच्या फ्लॅटमध्ये. काही काहींचं बांधकाम दहा वर्षांपूर्वीचं पण नव्हतं. आपण किल्लारीपासून किती लांब? चाळीसेक किलोमीटर."

इम्रान तोवर गप्प होता, त्यानं मग रिंगचा विषय काढला. कॉलमच्या उभ्या सळ्यांना ज्या चौकोनी रिंगा घालतात त्यांची टोकं आत, काँक्रीटच्या पोटात वळवायची असतात, १३५ अंशात. फिटर ती ९० वर मोडून सोडतो, कारण तशी रिंग घालायला सोपी जाते. एरवी काहीच फरक दिसत नाही. कॉलम हलला, वरचं काँक्रीटचं कव्हर झडलं की ९० ची रिंग उघडते आणि सळ्या बाहेर फुगतात. "माझ्याकडून स्टील तेवढंच जातंय नंदूभाऊ, खर्च काय वाढत न्हाई. तुझ्या साइटवर कोण बघतंय सांग."

नंदू चिडला. त्याची बाजू पण ऐका, कारण ती खोटी नव्हती. तो म्हणाला मी बघतो, पण मी नाही म्हटलं तर उद्या दुसरा येऊन तोच मजला टाकणार आणि तो अजिबात बघणार नाही. होस्टेल बंद पाडा म्हणता, ही बाहेरगावची पोरं कुठं जातील, लातूर पॅटर्नवर अर्धं गाव जेवतंय, मेसवाल्या बायका, झेरॉक्सवाले, ऑटोवाले, हे सर सुद्धा. (हे सरांना लागलं.) "आणि भूकंप होईल तेव्हा होईल बे, बँकेचा हप्ता ५ तारखेला असतोय."

सरांचं म्हणणं बंद पाडा असं नव्हतंच. कोपऱ्यातल्या कॉलमच्या मधे दोन्ही दिशांना काँक्रीटच्या भिंती घाला, कॉलमला जॅकेटिंग करा (बाहेरून सळ्या आणि काँक्रीटचा जादा थर), मधे मेस राहू द्या, आणि वरचा मजला विसरा. नंदू म्हणे पैसे कोण देणार. सर म्हणे मालक. सगळे हसले.

मग बालाजी बोलला. तो औशाकडचा, भूकंपात नऊ वर्षांचा होता. त्याचं गाव त्या नव्यानं वसवलेल्या ५२ गावांत नव्हतं, दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या यादीत होतं, अशी घरं दोन लाखांच्या आसपास. "पैसे कोण देणार म्हणतोस, आम्हाला तर सरकारनं दिले होते. भिंतीत आरपार दगड घाला, माळवदावरची माती कमी करा, असं सगळं शिकवलं. आमच्या आबांनी काय केलं? जुन्या घराला हात न्हाई लावला, त्या पैशात शेजारी १० बाय १० ची नवी खोली बांधली. निम्म्या गावानं तेच केलं. खोलीत ज्वारीची पोती आणि टीव्ही. आम्ही झोपायचो माळवदाखालीच, गार लागतंय म्हणून."

एवढं बोलून तो हसला, मग म्हणाला, "त्या रात्री आमचं घर पडलं नव्हतं. पण चौकट तिरपी झाली आणि दाराची कडी निघना. धुरळ्यात आई नुसती कडी हलवायली होती. ते मला अजून ऐकू येतंय, बाकीचं काय आठवत न्हाई."

कुणी काही बोललं नाही. टपरीवाल्यानं न विचारता चहा ओतला.

सरांना गप्प बसवत नाही, ते परत भुजवर गेले, पण आवाज उतरला होता. भुजच्या जुन्या गावठाणात बोळ एवढे अरुंद की मलब्यानं भरले आणि मदत आत जाईना. शेजारच्या अंजारला तर प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळेची पोरं बोळातच सापडली, दोन्ही बाजूची घरं अंगावर. नंतर भुजनं नगररचना योजना करून रस्ते रुंद केले, ज्याचा प्लॉट मोठा त्याची जास्त जमीन रस्त्यात गेली, लहान असंल त्याची कमी, लोक भांडले, वर्षं गेली, पण रस्ते झाले. सिव्हिल हॉस्पिटल कोसळलं होतं, नवीन बांधलं ते रबर आणि शिशाच्या बेअरिंगवर, खालची जमीन हलली तरी वरच्या ऑपरेशन टेबलापर्यंत तेवढा हिसका पोचू नये म्हणून. "हे सगळं पडल्यावर केलं," इम्रान म्हणाला, "न पडता कुठं केलंय का कुणी?" सर म्हणाले काठमांडूत काही शाळा २०१५ च्या भूकंपाच्या आधीच मजबूत करून घेतल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या. इम्रान बरं म्हणाला.

माझं मत विचाराल तर आपण ३० सप्टेंबरला दरवर्षी मेणबत्त्या लावतो ते ठीक, पण ती गावं आता एकमजली, मोकळ्या प्लॉटवर, रुंद रस्त्याची झालीत. धोका तिथून उठून आपल्या गल्लीत राहायला आलाय. जुलै २०२४ ला हिंगोलीला ४.५ चा झाला तेव्हा चार दिवस ग्रुपवर पंखा हलतानाचे व्हिडिओ फिरले, पाचव्या दिवशी परत नीट परीक्षेचा कटऑफ.

साडेदहाला अभ्यासिका सुटली आणि पोरांचा लोंढा समोरच्या होस्टेलमध्ये शिरायला लागला. सरांनी एकाला थांबवलं, असंल १७ वर्षांचा, हातात वडापावचा कागद. "कितव्या मजल्यावर राहतोस रे?"

"चौथ्या, सर."

"रात्री खाली यायचं झालं तर?"

"येत नाही सर. ११ ला चॅनल गेटला कुलूप असतंय. चावी वॉर्डनकडे."

"आणि वॉर्डन?"

"ते मागच्या गल्लीत राहतात. सकाळी ५ ला येतात."

नंदूनं सिगारेट विझवली. इतका वेळ आम्ही कॉलम, रिंगा, अहमदाबाद, भुजच्या बेअरिंगा करत होतो, आणि जिना एकच, त्यावर दोन्ही बाजूला बुटांचे ढीग, खिडक्यांना पक्कं ग्रिल, आणि खाली कुलूप. बालाजी उठून सरळ घरी गेला, चहाचे पैसे पण न देता, जे तो कधी करत नाही.

दुसऱ्या दिवशी नंदू मालकाला भेटला. मालक भला माणूस आहे, ऐकून घेतलं. चावी आता प्रत्येक मजल्यावरच्या एका पोराकडे असते आणि जिन्यातले बूट गच्चीवर गेले. भिंतींचं दिवाळीनंतर बघू म्हणालाय. आणि मजल्याचं कोटेशन नंदूनं दिलं की नाही ते तो सांगत नाही, म्हणूनच सर त्याच्याशी बोलत नाहीत.