दुसरी पृथ्वी छापण्याची कृती

परग्रहाची, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाची, बातमी करायला घेतलीत ना? मग आधी चित्र मिळवा. खऱ्या फोटोच्या मागे लागू नका, यातले बहुतेक ग्रह आजवर कोणी पाहिलेलेच नाहीत. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो. लांबून पाहणाऱ्याला पृथ्वीमुळे आपल्या सूर्याचा उजेड दहा हजारात एक भागसुद्धा कमी झालेला दिसणार नाही. त्या घटीवरून ग्रहाचा आकार काढतात आणि ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो त्यावरून वस्तुमान. एवढ्या भांडवलावर चित्रकार लाटा, ढग आणि सूर्यास्त रंगवून देतो. तेच छापा. ‘कल्पनाचित्र’ हा शब्द भिंगाशिवाय दिसता कामा नये.

आता ग्रह निवडू. ५५ कॅन्क्री ई उत्तम. अंतर ४१ प्रकाशवर्षं आणि तिथलं वर्ष आपल्या १८ तासांत आटोपतं. तिथे कार्बन भरपूर असावा, म्हणून पोटात हिराही असू शकेल, असा अंदाज २०१२ साली मांडला गेला. यातलं ‘असावा’ आणि ‘असू शकेल’ कढीपत्त्यासारखं काढून बाजूला ठेवा. पुढच्याच वर्षी त्या ताऱ्यातलं कार्बन-ऑक्सिजनचं प्रमाण पुन्हा तपासलं गेलं आणि हिऱ्याचा पायाच डळमळला. त्याची बातमी करायची नसते.

लोखंडाचा पाऊस हवा असेल तर वास्प-७६बी. दिवसाच्या बाजूला २,४०० अंश, तिथे लोखंडाची वाफ होते. २०२० साली ती वाफ संध्याकाळच्या कडेला, म्हणजे दिवस संपून रात्र सुरू होते तिथे सापडली, सकाळच्या कडेला नाही. म्हणजे रात्रीच्या बाजूला बरसली असावी, हा तर्क. पाऊस पडताना कोणी पाहिला, असं वाचक विचारत नाहीत.

‘पृथ्वीसारखाच निळा’ या मथळ्यासाठी एचडी १८९७३३बी राखून ठेवा. निळाई समुद्राची नाही, हवेतल्या सिलिकेटच्या, म्हणजे काच ज्याची बनते त्याच्या, कणांची आहे. तापमान हजार अंशांच्या आसपास, वारा सेकंदाला साधारण २ किलोमीटर, त्यामुळे काच बरसलीच तर आडवी. २०२४ मध्ये तिथे हायड्रोजन सल्फाइडही सापडला, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. पर्यटनाच्या पुरवणीत हे गाळा.

राहता राहिली ‘दुसरी पृथ्वी’. त्यासाठी ‘जीवयोग्य पट्टा’ एवढे दोनच शब्द पुरतात. पट्ट्यात असणं म्हणजे पाणी द्रवरूप राहू शकेल इतक्या अंतरावर असणं. पाणी आहे की नाही हा वेगळा प्रश्न, तो काढू नका. आपल्या पट्ट्याच्या काठाजवळच शुक्र आहे, आणि तो ४६० अंशांवर भाजतोय, हेही नको. सर्वांत जवळचा प्रॉक्सिमा बी ४.२ प्रकाशवर्षांवर आहे, व्हॉयेजर यानाच्या वेगाने ७० हजारांहून जास्त वर्षं. लिहिताना फक्त ‘शेजारी’ म्हणा.

छापून झालं की फाइल पुसू नका. पुढची दुसरी पृथ्वी आली की नाव तेवढं बदला, चित्र तेच चालतं.